नेलं तिथेच आणून सोडलं!

सोडलं ते बरोबरच सोडलं, वहिनी. मोत्याला नेलं इथून, मग सोडणारही इथेच. तुमचा राग मला कळतो हो. त्या दिवशी ती जाळीची गाडी आली तेव्हा तुम्ही देवापुढे साखर ठेवलीत, हे मला तुमच्याच कामवालीने सांगितलं. आणि आज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलंत तर पायरीवर मोत्या! वर एका कानाला इंग्रजी व्हीसारखी खाच. आपले सेक्रेटरी तर म्हणे सकाळपासून फोनलाच चिकटलेत. 'महापालिकेचे पैसे खातात, कुत्री फिरवून आणतात आणि आपल्याच दारात टाकतात,' असं वॉचमनपुढे ओरडत होते. मी कढीपत्ता तोडत होते, सगळं ऐकू आलं. हा घ्या कढीपत्ता. वरूनच देते, फाटक उघडलं की तो आत घुसेल.

तर त्या कानाचं आधी ऐका. मारामारीत नाही फाटलेला तो. नसबंदीचं ऑपरेशन करताना भूल दिलेली असते, तेव्हाच ती खाच करतात, त्याला दुखतसुद्धा नाही. लांबून कळावं की याचं काम झालंय, पुन्हा जाळं टाकू नका. नाहीतर बिचाऱ्या कुत्रीचं पोट दुसऱ्यांदा उघडायचे आणि आत बघून कपाळाला हात लावायचे. त्याच खेपेला रेबीजची लसही टोचतात. म्हणजे आता गल्लीत सगळ्यात सुरक्षित कुत्रा कुठला असेल तर तो मोत्याच.

आणि परत सोडतात ते कुणाच्या मर्जीने नाही, तसा नियमच आहे. २००१ साली केंद्र सरकारने केलेला, मग २०२३ मध्ये नवा आला, पण मुद्दा तोच: धरा, ऑपरेशन करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडा. उचलताना ती पोरं जागा लिहून घेतात, फोटो काढतात, गळ्यात नंबर अडकवतात. मला आधी वाटायचं, एवढं कशाला? मेलं कुत्रं, चार गल्ल्या इकडे की तिकडे. तर तसं नसतं. चार गल्ल्या पलीकडे दुसऱ्यांची हद्द. तिथे ते बाकीच्यांचा मार खातं, बिथरतं, घाबरून कुणाला तरी चावतं. आणि इथली हद्द मोकळी पडली म्हणजे ती मोकळी राहते होय? कोपऱ्यावरचं चिकनचं दुकान आहे, त्याच्या मागे तो कचऱ्याचा ढीग आहे, सेक्रेटरींनी तीन वर्षं त्यावर फक्त पत्रंच लिहिलीत. पंधरा दिवसांत पलीकडच्या वस्तीतली नवी कुत्री येणार. ना लस टोचलेली, ना ऑपरेशन झालेली, ना तुमच्या नातवाला ओळखणारी. आणि सहा महिन्यांत त्यांची पिल्लं. कुत्रीचे दिवस दोन महिन्यांत भरतात, वहिनी. त्रेसष्ट दिवस. वर्षातून दोन वेत झाली तर हिशोब तुम्हीच करा, तुम्ही बँकेत होतात.

काय म्हणालात? मारून का टाकत नाहीत? हळू बोला, ती वरच्या मजल्यावरची मुलगी खिडकीत आहे, व्हिडिओ काढून टाकेल कुठेतरी.

अहो, मारून झालंय की. मुंबईची महापालिका अगदी नव्वदच्या दशकापर्यंत मारतच होती, त्याआधी इंग्रज मारत होते. एवढं मारूनही संपली का? आमचे 'हे' परवा जेवताना सांगत होते, यांचं नेहमीचं, आमटी गार होईपर्यंत इतिहास. म्हणे १८३२ साली मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती! इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला माणसं सोडली, कुत्र्यामागे बक्षीस लावलं. मग काय, बक्षिसाच्या लोभाने ते लोक घरात घुसून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून न्यायला लागले. पारशी भडकले. कुत्रा त्यांच्या धर्मात मानाचा, माणूस गेल्यावरही कुत्र्याला आणून दाखवतात. दुकानं बंद, बाजार बंद, साहेबाला फौज बोलवावी लागली. आणि दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती शेठ मंडळींनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढला. माझं माहेर गिरगावातलं, लहानपणी आजीबरोबर त्या पांजरपोळात मी गाईला चारा घालायला जायची. त्याच्या मुळाशी कुत्र्यांची दंगल आहे हे मला साठीला आल्यावर कळतंय.

परळचं जनावरांचं हॉस्पिटल माहितीये ना? बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. ते १८८३चं. मिलमालक दिनशॉ पेटिट यांच्या पत्नीचं नाव त्याला. तेव्हा ट्राम ओढणारे घोडे, गाडीचे बैल, यांचे हाल बघवत नसत म्हणून ते झालं. म्हणजे हे सगळं काल-परवाच्या रिकामटेकड्या बायकांचं खूळ नाही, जसं ते कोपऱ्यावरच्या बंगल्यातले काका मला उद्देशून म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, मागच्या गणपतीत आरतीच्या ताटाशी म्हणाले. मी ऐकून घेतलं. त्यांची गोष्ट मला ठाऊक आहे ना. सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा.

त्यांच्याकडे तो पिवळा लॅब्रेडॉर होता, आठवतो? सोन्यासारखा कुत्रा. रोज सकाळी त्याला घेऊन ऐटीत फिरायचे. मग एकदम दिसेनासा झाला. विचारलं तर म्हणाले, गावच्या शेतावर पाठवलाय, तिथे मोकळं रान आहे. रान कसलं! मी मदतीला जाते ना, त्या प्राण्यांच्या संस्थेच्या फाटकाला बांधलेला सापडला तो, पहाटे, दोरीने. कंबरेतून गेला होता, मागचे पाय ओढत चालायचा. त्या जातीला होतो तो सांध्यांचा त्रास, त्यातून वजन वाढू दिलेलं. मी गुरुवारी गेले तर पिंजऱ्यात तो. मला बघितलं आणि असा ओरडला! ओळखलं हो त्याने मला. मी तिथल्या डॉक्टरांना कुणाचा ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं तिथली एक मुलगी अजून म्हणते. पण सांगून तरी काय होणार होतं? घरचं जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे बरं का. १९६०चा कायदा आहे. नृत्यवाल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांनी सगळ्यात आधी विधेयक मांडलं, त्यातून तो झाला. बाई पाठपुराव्याच्या पक्क्या. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, सांगा बघू? दहा रुपये ते पन्नास रुपये. साठ सालचा भाव, अजून तोच. पन्नास रुपयांत कोथिंबिरीची जुडी येत नाही पावसाळ्यात, आणि कुत्रा टाकता येतो.

लोकांना वाटतं ती संस्था म्हणजे कुत्र्यांचा आश्रम आहे. एकदा नेऊन सोडलं की आपण सुटलो, तिथे ती झाडाखाली सुखाने म्हातारी होतील. अहो, ते एस.टी. स्टँड आहे. येणाऱ्याने जायचं असतं. जखमी आलं, बरं झालं, गल्लीत परत. ऑपरेशनला आलं, चार-पाच दिवसांत टाके बघून परत. पिल्लू आलं, कुणी नेलं तर घर. मुक्कामाला राहतात ती फक्त आंधळी, लुळी, नाहीतर फार म्हातारी. ज्या दिवशी सगळेच मुक्काम ठोकतील त्या दिवशी रस्त्यावर गाडीखाली आलेल्याला ठेवायला पिंजरा राहणार नाही. हे एवढं साधं आहे, पण फोन करणाऱ्याला पटत नाही. फोनवर बसायची पाळी एकदा माझ्यावर आली होती. काय एकेक कारणं! बदली झाली. बाळ आलं. घरमालक नको म्हणतो. एका बाईंनी सांगितलं, पत्रिकेत आलंय, काळं जनावर घरात नको. मी म्हटलं, मग नवऱ्याचं काय करणार? हसू नका, खरंच म्हटलं. त्यानंतर मला फोनवर बसवत नाहीत.

आणि टाकून दिलेल्यांत गावठी कमीच असतात. जास्त करून पैसे मोजून आणलेली. हस्की काय, पग काय, ती लांब केसांची पर्शियन मांजरं काय. बर्फातला तो हस्की, त्याला आपल्या मे महिन्यात आणायचं आणि मग तो भुंकतो, केस गाळतो, फर्निचर फाडतो म्हणून तक्रार. पग तर बिचारा श्वासच घेऊ शकत नाही, नाकाच्या जागी नाकच ठेवलेलं नाही माणसांनी. गावठीला घर मिळत नाही ते वेगळंच. घ्यायला येतात त्यांना पांढरं हवं, गुबगुबीत हवं आणि नर हवा. काळी मादी शेवटपर्यंत उरते. मुलगी बघायला आल्यासारखे येतात हो, नाक-डोळे बघून जातात आणि 'कळवतो' म्हणतात.

मी काय करते तिथे? अहो, काही नाही. वर्तमानपत्रं फाडून पिंजऱ्यात अंथरते, चादरींच्या पट्ट्या करते, भात-चिकनचं पातेलं ढवळते. पिल्लांना कुशीत घेऊन बसता येत असेल असं मला वाटलं होतं, तर पहिल्याच दिवशी त्या पोरीने दाराशी थांबवलं. चप्पल ब्लीचच्या पाण्यात बुडवा, हात धुवा आणि पिल्लांच्या खोलीत जायचं नाही. पार्व्हो म्हणून रोग आहे, पिल्लांना रक्ताची हगवण लागते, दोन-तीन दिवसांत खलास. तो विषाणू जमिनीत महिनोन्महिने राहतो, फिनाइलने जात नाही, ब्लीचच लागतं. माझ्या चपलेला लागून मी तो आपल्या गल्लीत आणू शकते, आणि गल्लीतला तिकडे नेऊ शकते. म्हणून नवीन पिल्लू आलं की आधी वेगळं ठेवायचं, मग बाकीचं. वाढदिवसाचे केक घेऊन लोक येतात ना, कुत्र्यांबरोबर फोटो काढायला, त्यांना हे सांगितलं की तोंड वाकडं करतात. केक! आणि ती गोड बिस्किटं. पोतंभर बिस्किटं पडलीत तिथे. तांदूळ द्या म्हटलं, जुन्या चादरी द्या म्हटलं, झाडूवाल्या मामांचा पगार द्या म्हटलं, तर त्याचा फोटो चांगला येत नाही.

खरं काम ती जाळीवाली पोरं करतात, त्यांचं नाव कुणी घेत नाही. पहाटे निघायचं, कारण तेव्हा गल्ल्या रिकाम्या असतात. कुत्रं हुशार, गाडीचा आवाज ओळखतं. एकाने पुढून बोलायचं, दुसऱ्याने मागून जाळं टाकायचं. चावे खाऊन हात बघा त्यांचे. त्यांना स्वतःला रेबीजच्या लशी आधीच टोचून ठेवलेल्या असतात. आणि लोक त्यांनाच शिव्या देतात, नेलं तर कुत्राप्रेमी आणि सोडलं तर तुमच्यासारखे. चिडू नका, आपलं म्हणून बोलते.

पावसाळ्यात तर विचारू नका. जखमेत अळ्या पडतात, अशा की मांस दिसत नाही. माझी जेवणावरची वासनाच उडाली होती पहिल्या पावसाळ्यात. आणि लोक चांगल्या मनाने त्यावर फिनाइल ओततात, रॉकेल ओततात. अळ्या मरतात, पण कातडी भाजते, वर ते चाटून पोटात जातं. फोन करा ना, दोन मिनिटांचं काम. तसंच त्या शिंपीणबाईंच्या मांजरीचं झालं. अंग गरम लागलं म्हणून त्यांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली. माणसाच्या लेकराला देतोच की आपण. पण मांजराच्या लिव्हरला ती पचतच नाही, विष आहे ते. तोंड सुजलं, हिरड्या निळ्या पडल्या. पोचेपर्यंत उशीर झाला होता. बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, जशी काही गोळी मी दिली. असो. तुमची मनी सर्दीने शिंकली तरी घरातला डबा उघडू नका, एवढंच म्हणते.

कुकरची शिट्टी तुमची की माझी? तुमची. जाऊन या, मी आहे इथेच.

झाली का डाळ? तर मोत्यावरून तुमच्या नातवाची काळजी आहे ना, ती मात्र रास्त आहे. मी ते उडवून लावणार नाही. त्या संस्थेतले काही जण बोलतात जसं काही कुत्रं कधी चावतच नाही, ते मला मुळीच पटत नाही. चावतं. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जगात कुणाकडे औषध नाही. म्हणून चावलं, नुसतं ओरबाडलं, तरी आधी नळाखाली जखम धरायची, साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, ती मिरचीची पूड तर नाहीच नाही. मग सरळ सरकारी दवाखाना, आणि सांगतील तितकी सगळी इंजेक्शनं. आमच्या ह्यांचा मावसभाऊ दोन घेऊन 'आता बरं वाटतंय' म्हणून थांबला होता, मावशीने कान धरून नेला. जखम खोल असली तर जखमेतच एक वेगळं इंजेक्शन देतात, तेही मागायचं. पिल्लू आहे, चिमुकलं आहे, त्याला कुठला रेबीज, असं म्हणायचं नाही.

आणि हे आटोक्यात येतं बरं का. गोव्याला माझी नणंद आहे, म्हापशाला. तिच्याकडे २०१४ पासून 'मिशन रेबीज'ची माणसं दारोदार फिरायला लागली. दरवर्षी, घर न् घर. पाळलेलं असेल तर मालकाने धरायचं, रस्त्यावरचं असेल तर जाळ्यात घेऊन जागेवर लस टोचायची, पाठीवर रंगाचा पट्टा मारायचा आणि तिथेच सोडून द्यायचं. कुठली गल्ली झाली, कुठली राहिली, सगळं मोबाईलवर. शाळांत जाऊन पोरांना शिकवायचे, कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, चावलं तर लपवायचं नाही. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली की रोगाची साखळी तुटते, तेवढं गाठायचंच असा त्यांचा हट्ट. काही वर्षांत कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला, माणसं मरायची थांबली. २०२१ साली गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. आणि कुत्री? आहेत की! नणंदेच्या गल्लीत आपल्यापेक्षा जास्त आहेत. कुत्री न हटवता रोग हटवला त्यांनी. आपल्याकडे उलटं चाललंय, कुत्री हटवायच्या भांडणात लस राहून जाते.

कोर्टाचं म्हणता? सेक्रेटरी तेच कात्रण खिशात घेऊन फिरतात. पण अर्धंच फिरवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अकरा तारखेला सुप्रीम कोर्टाने दिल्लीकडच्यांना सांगितलं होतं, सगळी उचला आणि निवाऱ्यात ठेवा. ते कात्रण त्यांच्याकडे आहे. बावीस तारखेला मोठ्या पीठाने ते बदललं: ऑपरेशन करून, लस टोचून परत त्याच भागात सोडा, पिसाळलेलं नाहीतर फार आक्रमक असेल तेवढं सोडू नका. ते कात्रण त्यांनी कापलेलंच नाही. मग नोव्हेंबरमध्ये आलं की शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली उचला आणि तिथे परत सोडू नका. शाळेच्या आवारात नको, हे मलाही बरोबर वाटतं. आता ती ठेवायची कुठे, त्याला जागा आणि पैसा कोण देणार, हे आपल्या संस्थेतले डॉक्टर मला विचारतात. मी काय सांगणार, मी चादरी फाडणारी बाई.

खाऊ घालण्यावरून मागच्या मीटिंगला जुंपली होती ना, त्यात मात्र मी सेक्रेटरींच्या बाजूने आहे. थोडी. जिन्याखाली, मुलांच्या झोपाळ्यांपाशी भात टाकायचा नाही, नियमातच आहे तसं. पण सोसायटीने दुसरी जागा ठरवून द्यायची, हेही त्याच नियमात आहे. ते वाचताना साहेबांचा चष्मा घरी राहिला. पाण्याच्या टाकीमागची जागा द्या म्हणावं, मिटलं. आणि विष घालायच्या गोष्टी जिन्यात कुणी बोलत असेल ना, त्याला माझ्या वतीने सांगा, तिथे दहा-पन्नास रुपयांवर सुटका नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. पाच वर्षांपर्यंत आत.

बरं, आता खरं काम. तुम्हाला हाक मारली ती कढीपत्त्यासाठी नव्हे. उद्या पहाटे गाडी पुन्हा येतेय, मागच्या बोळातल्या त्या काळीसाठी. ती राहून गेली, त्या दिवशी जाळं चुकवून गटारावरून पळाली. लवकर धरायला हवी, माजावर यायची वेळ झालीये, पुन्हा पोटुशी राहिली की गेलं सगळं. तुमच्या ह्यांना सांगा, गाडी बोळाच्या तोंडाशी लावू नका आज, पोरांना जाळं फिरवायला जागा हवी.

आणि उपाशी पोटी लागते ती, भूल द्यायची असते. तेव्हा आज रात्री साडेनऊला मागचं दार उघडून तिला तूप लावलेली पोळी घालू नका. माझ्याकडे असं बघू नका, वहिनी. माझं स्वयंपाकघर त्याच बाजूला आहे. आणि नुसती पोळी असती तर मी बोलले नसते, पण परवा तुम्ही तिला पोळीचा लाडू भरवत होतात.